राखीव गोलकीपरची आजी

जपानात, हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक लाँड्री आहे. ती चालवणाऱ्या आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि अजूनही रोजचे सगळे शर्ट स्वतः इस्त्री करतात. चार वर्षं मी त्यांच्याकडे नवऱ्याचे शर्ट टाकत होते आणि चार वर्षांत आमचं बोलणं "मंगळवारी मिळतील" आणि "बरं" याच्या पुढे सरकलं नव्हतं. दोष माझ्या जपानीचा. तोयोसुच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिथे निम्मं इंग्रजीत भागतं, आणि उरलेलं मान हलवून.

मग एका ऑगस्टमध्ये दुकानातल्या टांगलेल्या शर्टांच्या रांगेत मला एक पट्ट्यापट्ट्यांचा लोकरीचा मफलर दिसला. बाहेर नुसतं उभं राहिलं तरी घाम निथळत होता, आणि इथे लोकर! मला राहवलं नाही. विचारलं, "हे कुणाचं?"

आजींनी इस्त्री उभी करून ठेवली. "माझं. नातवाच्या क्लबचं. तो जर्मनीत फुटबॉल खेळतो. दुसऱ्या लीगमध्ये. गोलकीपर आहे." एवढं सांगून त्यांनी दोन बोटं वर केली. "दुसरा."

"हो, दुसरी लीग," मी म्हटलं.

"नाही नाही. लीग दुसरी, आणि तो गोलकीपरही दुसरा. पहिला खेळतो. दुसरा बसतो."

हे त्यांनी इतक्या कौतुकाने सांगितलं, की बसणं हीसुद्धा एक अवघड कला असावी असं मला वाटून गेलं.

त्यांची अडचण वेगळीच होती. ओसाकाला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने, म्हणजे या गोलकीपरच्या वडिलांनी, त्यांना एका टॅबलेटवर जर्मन सामने दाखवणारं ॲप घालून दिलं होतं. ते आठवडाभरापासून पासवर्ड मागत होतं आणि दिलेला पासवर्ड घेत नव्हतं. "ओकुसान, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये आहात ना?" आजींनी काउंटरखालून टॅबलेट काढत विचारलं. ओकुसान म्हणजे वहिनी म्हणा, बाई म्हणा. तिथपासून आजपर्यंत मी त्यांची ओकुसानच आहे.

पासवर्ड दहा मिनिटांत बदलून झाला. पण त्या टॅबलेटचा पडदा एवढासा, त्यात कोपऱ्यात तडा गेलेला. त्यावर आजी डोळे बारीक करून बघणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे मोठा टीव्ही आहे. शनिवारी या ना."

त्यांनी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मग सेन्बे मी आणते."

घरी सांगितल्यावर नवरा हसायला लागला. "तुला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"मला नाही कळत. आजींना कळत असेल."

आजींनाही कळत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना त्या आल्या, स्वतःच्या स्लिपर पिशवीत घालून, सेन्बेचा, म्हणजे तांदळाच्या खारट कुरकुरीत चकत्यांचा, पुडा घेऊन. जर्मनीत तेव्हा दुपारचा एक वाजायला आला होता. सामना सुरू झाला. दहा मिनिटांनी एका खेळाडूने चेंडू जोरात मारला आणि तो बारवरून गेला, तर त्यांनी मला विचारलं, "हे चांगलं झालं का वाईट?" मी नवऱ्याकडे पाहिलं. तो क्रिकेटवाला माणूस, पण शेवटी पुरुष. "चांगलं झालं, मारणारा समोरचा होता," असं त्याने अधिकाराने सांगून टाकलं. तो बरोबर होता, हे आम्हाला पुढच्या पाच मिनिटांत कळलं.

त्याच संध्याकाळी त्याने आम्हा दोघींना लीग समजावून सांगितली. अठरा संघ. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. म्हणजे चौतीस सामने. शेवटी वरचे दोन वरच्या लीगमध्ये जातात, खालचे दोन खालच्या लीगमध्ये घसरतात. वरून तिसरा आणि खालून तिसरा, यांना आणखी दोन-दोन सामने खेळून ठरवावं लागतं.

"आणि मधले?" आजींनी विचारलं.

"मधले पुढच्या वर्षी पुन्हा हेच करतात."

आजींनी समाधानाने मान हलवली. "म्हणजे माझ्या दुकानासारखंच."

आम्ही दोघी खरं तर सामना बघतच नव्हतो. आम्ही बाकडं बघत होतो. राखीव खेळाडूंचं बाकडं टीव्हीवर फार क्वचित दिसतं. प्रशिक्षक चिडला की, कुणाला बदलायचं असेल तर, किंवा खेळ कंटाळवाणा झाला तर. पहिल्या सामन्यात उत्तरार्धात तीन सेकंद दिसलं. टोकाला एक उंच मुलगा बसला होता आणि पाण्याची बाटली उघडत होता.

"तो! तो!" आजी उठून उभ्याच राहिल्या. तोवर कॅमेरा दुसरीकडे गेला होता. त्या परत बसल्या, माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, "पाणी पितोय. बरं आहे."

आमचा संघ तो सामना हरला. पण आजी घरी गेल्या त्या खुशीत.

असं ते सुरू झालं. दर आठवड्याला, कधी शनिवारी, कधी रविवारी. त्या सेन्बे आणायच्या, मी काहीतरी करून ठेवायचे. थालीपीठ त्यांना आवडलं, साबुदाण्याची खिचडी फारच आवडली, आणि चिवडा त्या काड्यांनी खायच्या, एकेक दाणा वेचून, शेंगदाणे शेवटी. आमची नऊ वर्षांची मुलगी त्यांना ओबाचान, म्हणजे आजी, म्हणायची आणि त्यांच्या मांडीला टेकून सामना संपायच्या आत झोपून जायची.

माझी जपानी या सामन्यांनी सुधारली हे मात्र खरं. शाळेत शिकवतात ती नाही, घरात ओरडायची जपानी. अगदी थोडक्यात हुकलं की आजी म्हणायच्या, "ओशी!" आणि गोल खाल्ला की हात हलवून म्हणायच्या, "दोनमाई, दोनमाई!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नवऱ्याला हळूच विचारलं, "कुठल्या दोन माई?" तो इतका हसला की आजींनाही कारण सांगावं लागलं. ते मुळात इंग्रजी 'डोन्ट माइंड'; जपान्यांनी आपल्या जिभेवर घोळवून त्याचं दोनमाई केलं, म्हणजे जाऊ दे, मनाला लावून घेऊ नको. मराठीत माई म्हणजे आई, हे कळल्यावर आजी म्हणाल्या, "मग चांगलंच आहे. गोल खाल्लेल्याला दोन आया लागतातच." पुढे ऑफिसात एकदा माझ्या टीमचं काम ऐन डेमोत कोसळलं. सगळे खाली मान घालून बसले होते, आणि माझ्या तोंडून खणखणीत "दोनमाई!" गेलं. आमचे साहेब, ज्यांना मी त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं, ते तोंडावर फाइल धरून हसले.

काही सामने शुक्रवारचे असायचे. ते आमच्याकडे मध्यरात्र उलटल्यावर पडत. ते आम्ही शनिवारी सकाळी सातला बघायचो, लाँड्री उघडायच्या आधी, पोहे खात. त्यासाठी नियम केला होता, की निकाल कुणी बघायचा नाही, बघितला तर चेहऱ्यावर दाखवायचा नाही. पहिल्याच वेळी नवरा दात घासता घासता बाहेर आला आणि मराठीत म्हणाला, "काय गं, तीन-शून्य हरले ना?" आजींना मराठीचा एक शब्द येत नाही. पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि थंडपणे विचारलं, "किती?" त्यानंतर शुक्रवारी रात्री त्याचा फोन स्वयंपाकघरातल्या डाळीच्या डब्यावर ठेवायचा, असं ठरलं.

ऑक्टोबरच्या शेवटी मी आजींबरोबर जवळच्या देवळात गेले होते. त्यांनी नाणं टाकलं, दोन टाळ्या वाजवल्या आणि बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. परत येताना मी म्हटलं, "नातवाला खेळायला मिळू दे, असं मागितलंत ना?"

"छे!" त्या थांबल्याच. "ओकुसान, तो कधी खेळेल? पहिल्याला दुखापत झाली तर. मग मी काय मागू? दुसऱ्याच्या मुलाचा पाय मोडू दे म्हणून?"

त्या पुन्हा चालायला लागल्या.

"मी त्या पहिल्याच्या गुडघ्यांसाठी मागते. आधी त्याच्या, मग नातवाच्या. दोघांचे चारही धड राहू देत." थोडं चालून त्या म्हणाल्या, "पण एकदा तरी खेळावा असं वाटतंच. ते मी देवाला सांगत नाही. त्याला कळत असेल तर कळू दे."

डिसेंबरच्या अखेरीस लीगला सुट्टी लागली. पहिल्या शनिवारी मी निवांत कपाट आवरायला काढलं होतं, तर आठला बेल वाजली. दारात आजी, सेन्बे घेऊन.

"आज सामना नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे." आणि त्या स्लिपर घालून आत आल्या.

त्या संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून आम्ही बोललो. नातू लहान असताना सुट्टीत ओसाकाहून त्यांच्याकडे राहायला यायचा. दुकान बंद केल्यावर तो अर्ध्या ओढलेल्या शटरसमोर उभा राहायचा आणि आजी त्याच्याकडे गिऱ्हाइकांच्या मोज्यांचे गुंडाळे फेकायच्या. "एकही सोडायचा नाही. धुतलेले मोजे जमिनीला लागले तर मी पुन्हा धुवायला लावायचे ना!" मी त्यांना माझं सांगितलं. पुण्यातली नोकरी सोडून इथे आले तेव्हा पहिलं वर्षभर मी दुकानातून काही न विचारता वस्तू उचलून आणायचे, कारण विचारायची लाज वाटायची. एकदा मीठ समजून भाजीत खायचा सोडा घातला होता. आजी हसत हसत डोळे पुसायला लागल्या. मी हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. मोडक्यातोडक्या जपानीत ते सांगता आलं, याचं मला रात्रभर बरं वाटत राहिलं.

जानेवारीच्या शेवटी लीग पुन्हा सुरू झाली आणि आमच्या संघाने जे हरायला सुरुवात केली, ते थांबायलाच तयार नाही. आधी आम्ही मधल्यांत होतो. मार्च संपता संपता खालून चौथे झालो. नवऱ्याने फ्रिजवर कागद लावला, त्यावर तो दर सोमवारी संघांची क्रमवारी लिहायचा. आता तो आमच्याहून जास्त गुंतला होता. प्रशिक्षकाला मराठीत शिव्या घालायचा आणि आजींना वाटायचं तो काहीतरी तांत्रिक बोलतोय.

आणि मग तो एप्रिलचा सामना आला. साकुराचा, म्हणजे चेरीचा, बहर झडून गेला होता, बाल्कनीत अजून सुकलेल्या पाकळ्या होत्या. आमच्या संघाच्या गावातला सामना, शून्य-शून्य, पहिला अर्धा तास. समोरचा एक खेळाडू चेंडू घेऊन एकटाच सुटला. आमचा पहिला गोलकीपर गोल सोडून पार पुढे धावत आला आणि चेंडूऐवजी त्याने त्या खेळाडूलाच आडवं केलं. पंचाने खिशात हात घातला आणि लाल कार्ड काढलं.

"त्याला लागलं का?" आजी ओरडल्या. "गुडघा?"

"लागलं नाही," नवरा म्हणाला. "पण त्याला बाहेर काढलाय. लाल कार्ड म्हणजे आता खेळता येणार नाही."

"पण लागलं नाही ना?"

"नाही, चालत जातोय बघा."

आजींनी हात जोडले. मग त्यांच्या लक्षात आलं. आमच्याही एकदमच लक्षात आलं. पडद्यावर बाकडं दिसत होतं, आणि टोकाचा उंच मुलगा उभा राहून अंगावरचं जॅकेट काढत होता.

आजी उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आजी, तो आत येतोय! या ना!"

"मला नाही बघवत. तू सांग." इतके महिने त्या माझ्याशी आदराने बोलत होत्या; त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची जपानी घरच्या माणसाशी बोलावं तशी झाली. माझ्या कानाला ते 'अगं, तू सांग' असंच ऐकू आलं.

मग मी माझ्या त्या तसल्या जपानीत समालोचन केलं. "हातमोजे घातले. गोलमध्ये गेला. ते लोक चेंडू ठेवून मारणार आहेत. आपले पाच जण भिंत करून उभे आहेत. तो त्यांना सांगतोय, डावीकडे सरका. मारला! ओह!"

"काय झालं?"

"त्याचा हात लागला चेंडूला."

"अडवला?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. "नाही. भिंतीतल्या माणसाला लागून आत गेला. त्याने जाळ्यातून बाहेर काढला."

मग फ्रिजसमोरून एक बारीक, पण ठाम आवाज आला, "दोनमाई!"

आमचे दहाच खेळाडू उरले होते, आणि पुढचा तासभर समोरचे नुसते येत राहिले. पण नातवाला काहीतरी सापडलं होतं. त्याने एक चेंडू पायाने अडवला. एक मुठीने उडवला. एकदा त्याने उजवीकडे झेप घेतली आणि शेवटच्या क्षणी बोटांनी चेंडू खांबाबाहेर ढकलला. मी जे ओरडले, त्याने मुलगी जागी झाली. आजी आता फ्रिज सोडून दारापर्यंत आल्या होत्या, पण पडद्याकडे पाठ करून. अगदी शेवटी आमच्या संघाला कॉर्नर मिळाला आणि कुणीतरी डोक्याने चेंडू आत घातला. एक-एक. नवऱ्याने मुलीला उचलून घरभर फिरवलं. आजी आल्या, सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता सगळं पहिल्यापासून लाव. मी बघते."

आम्ही पुन्हा अख्खा सामना पाहिला. काय होणार हे माहीत असूनही त्या फ्री किकला त्यांनी डोळे मिटलेच.

पहिल्या गोलकीपरवर दोन सामन्यांची बंदी आली. म्हणजे आणखी दोन सामने नातू खेळणार. पहिला परगावी होता, आणि तो वाईट गेला. उत्तरार्धात चेंडू साधा गडगडत त्याच्याकडे आला, तो उचलायला वाकला, पाय घसरला आणि चेंडू त्याच्या पायांमधून आत गेला. आम्ही दोन-शून्य हरलो. आजी "दोनमाई"सुद्धा म्हणाल्या नाहीत.

सोमवारी संध्याकाळी मी शर्ट आणायला गेले, तर दुकानात फोन चालू होता. त्या इस्त्री करत होत्या, त्यामुळे फोन काउंटरवर, स्पीकरवर. तिकडून नातवाचा आवाज. मी जायला वळले, तर त्यांनी हातानेच थांब म्हटलं.

"सगळे बोलताहेत," तो म्हणत होता. "पुढच्या सामन्यात बहुतेक तिसऱ्याला घेतील. मीही त्यालाच घेतलं असतं."

"जेवलास का?"

"ओबाचान, मी काय सांगतोय..."

"ऐकतेय. जेवलास का?"

"हो."

आजींनी कॉलरवरून इस्त्री फिरवली. "मी तेवीस वर्षांची होते. तुझ्या आजोबांशी लग्न होऊन सहा महिने झाले होते. एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट मी जाळला, छातीवरच. लग्नाला घालायचा शर्ट होता. मी घरी गेले आणि तुझ्या आजोबांना म्हटलं, उद्यापासून मी इस्त्रीला हात लावणार नाही."

"मग?"

"मग तो माणूस पुढच्या आठवड्यात आला. दुसरा शर्ट घेऊन. माझ्याच हातात दिला."

"तो का आला परत?" नातवाने विचारलं.

"मला काय माहीत? मी विचारलं नाही. इस्त्री केली. गरम पाणी पी आणि सरावाला जा."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझे शर्ट बांधून दिले. मी विचारलं, "तो शर्ट नीट झाला होता का हो, दुसरा?"

"कॉलर थोडी वाकडी होती," त्या म्हणाल्या.

शनिवारी आम्ही तिघंही सामन्याच्या अर्धा तास आधीच टीव्हीसमोर होतो, नावांची यादी बघायला. नातू होता. प्रशिक्षकाने त्यालाच घेतलं होतं. नवऱ्याने प्रशिक्षकाला दिलेल्या सगळ्या शिव्या जाहीरपणे परत घेतल्या. या वेळी आजी पडद्यासमोर बसल्या, माझा हात धरून. त्यांची पकड सामना संपेपर्यंत सैल झाली नाही. इस्त्रीने घडलेला हात आहे तो. दुसऱ्या दिवशी मला माऊस धरता येत नव्हता. नातवाने काही चमत्कार केला नाही. जे यायचं ते नीट पकडलं, उंच आलेला चेंडू छातीशी कवटाळला आणि दर वेळी घाई न करता पुढे टाकला. आम्ही एक-शून्य जिंकलो. संपल्यावर कॅमेरा त्याच्यावर गेला. तो हसत नव्हता, नुसता दम खात होता.

मग बंदी संपली, पहिला परत आला आणि नातू बाकड्यावर गेला. मला वाईट वाटलं. आजींना वाटलं असेलही, पण त्या म्हणाल्या, "चला, आता निवांत बघता येईल."

निवांत कुठलं! शेवटच्या दिवसापर्यंत आमचा संघ काठावर लटकत होता. शेवटच्या सामन्यात हरलो असतो तर घसरलो असतो, बरोबरी केली तर तरलो असतो. शेवटचे सगळे सामने एकाच वेळी खेळवतात आणि ती वेळ आमच्याकडे रविवारी फार उशिराची. मुलीची सोमवारी शाळा, आजींचं वय; तेव्हा ठरलं, की सोमवारी पहाटे साडेपाचला बघायचं. सगळ्यांचे फोन डाळीच्या डब्यावर. नवऱ्याने सकाळची अर्धी रजा टाकली आणि कारणात 'घरगुती काम' असं लिहिलं. आजींनी दुकानाच्या दारावर कागद लावला: आज अकरा वाजता उघडेल. मागाहून त्यांनी सांगितलं, की आजोबा गेले तेव्हाचे दिवस सोडले तर असा कागद त्यांनी कधी लावला नव्हता.

आम्ही पोहे खाल्लेच नाहीत, ते गार झाले. पूर्वार्धात आम्ही एक गोल खाल्ला. मध्यंतरात नवरा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मुलगी पूर्ण जागी होती आणि आजींच्या मफलरचं एक टोक तोंडात धरून बसली होती. वेळ जात राहिली. दहा-बारा मिनिटं उरली असताना आमच्या एका उंच बचावपटूने, जो वर्षभर माझ्या मते काहीच करत नव्हता, गर्दीतून पाय घातला आणि चेंडू रेषेपलीकडे गेला. एक-एक! त्यानंतरचा खेळ मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की बाकड्यावरचे सगळे रेषेशी येऊन उभे होते आणि त्यात नातू दोन्ही हात तोंडाभोवती धरून आपल्या गोलकीपरला काहीतरी ओरडून सांगत होता.

शिट्टी वाजली. आम्ही तरलो होतो. मैदानावर धावाधाव झाली. पहिला गोलकीपर मात्र कुणाकडे न बघता सरळ बाकड्याकडे धावत आला आणि त्याने नातवाला उचलूनच घेतलं. त्या तीन सामन्यांतले चार गुण नसते, तर आम्ही केव्हाच बुडालो असतो, हे त्याला माहीत होतं. कॅमेरा या वेळी हलला नाही. दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभे होते, आणि नातवाचा चेहरा अख्ख्या पडद्यावर भरून राहिला होता.

मी रडत होते. नवरा नाक ओढत होता. आजी पुढे झुकून निरखून बघत होत्या.

"केस किती वाढवलेत," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी तो मफलरला पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

जूनमध्ये नातू सुट्टीला आला. प्रत्यक्षात तो टीव्हीपेक्षाही उंच निघाला. आमच्या दारातून वाकून आत आला. केस कापलेले होते. मी जेवायला बोलावलं होतं. त्याने पाच पुरणपोळ्या खाल्ल्या आणि दर पोळीला "फार छान आहे" म्हटलं, त्यापलीकडे फारसं काही बोलला नाही. शेवटी मीच विचारलं, "बाकड्यावर बसून तू काय विचार करतोस?"

त्याने गंभीरपणे विचार केला. "आत असतो तर आत्ता कुठे उभा असतो, तेच बघत असतो. सगळा वेळ. घरी आलो की खेळल्यासारखंच दमायला होतं." मग ताटाकडे बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी मी खालच्या लीगमध्ये जातोय. तिथला पहिला म्हणून घेतलाय."

आजींना हे आधीच माहीत असावं. त्या शांतपणे पोळीवर तूप घेत होत्या. नवऱ्याने मात्र तिथल्या तिथे फोन काढला आणि ती लीग कुठल्या ॲपवर दिसते ते शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता. आम्ही सगळे नदीकाठच्या बागेत गेलो. नातवाने दोन पिशव्या ठेवून गोल केला आणि मुलीला पडायला शिकवलं. आधी मांडी टेकवायची, मग कंबर, मग खांदा. ती पाच मिनिटांत शिकली आणि कंटाळून फुलपाखरांमागे गेली. पिशव्यांच्या मध्ये जागा रिकामी होती. का कुणास ठाऊक, मी तिथे जाऊन उभी राहिले.

"ओकुसान!" आजी घडीच्या स्टुलावरून ओरडल्या. "हातमोजे घाल!"

नातवाने त्याचे हातमोजे काढून दिले. ते आतून ओले होते आणि माझी बोटं त्यांत अर्ध्यावरच संपत होती. तो दहा पावलं मागे गेला. "जमिनीकडे बघू नका," त्याने सांगितलं, "फक्त चेंडूकडे जा. जमीन आपोआप येते."

मी एकोणचाळीस वर्षांची होते. शाळेनंतर मी मुद्दाम कधी पडले नव्हते. त्याने चेंडू हळूच डावीकडे मारला, मी उडी घेतली आणि चेंडू गेल्यानंतर बऱ्याच वेळाने गवतावर आदळले. कोपर सोलवटलं. नवरा पळत यायला लागला, मी हाताने त्याला थांबवलं. दुसरा चेंडू उजवीकडे आला, तोही गेला. माझ्या कुर्त्याला हिरवे डाग पडले होते, आजी ते कसे काढायचे हे मोठ्याने सांगत होत्या. तिसऱ्या वेळी मी खरंच जमिनीकडे बघितलं नाही. चेंडू आला, मी गेले, आणि हातमोज्याच्या रिकाम्या बोटांना काहीतरी टणकन लागलं. चेंडू पिशवीच्या बाहेरून घरंगळत नदीकडच्या गवतात गेला.

मी तशीच आडवी पडून राहिले, आभाळाकडे बघत, धापा टाकत. उठायची मुळीच घाई नव्हती.